दुसऱ्या अंकात गेलेला आवाज

नायिकेचा आवाज गेला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. दुसरा अंक, पदाचा दुसरा अंतरा. ऑर्गन चालू, तबला चालू, बाईंचे ओठ हलताहेत आणि कर्ण्यातून काहीच नाही. देवळाच्या प्राकारात मागे बसलेला एक म्हातारा जागेवरूनच ओरडला, "आरे, आवाज खंय गेलो?"

बाई मुरलेल्या. तशाच दोन पावलं पुढे आल्या आणि माईक नव्हते तेव्हा जसं गात तसं, छातीतून गायल्या. वन्समोअर मिळाला. पण विंगेत आमची धावपळ बघण्यासारखी होती. अंक संपेपर्यंत आणखी दोघांचे माईक गेले, आणि तिसऱ्या अंकात राजा स्टँडवरच्या माईकला बिलगून राज्यकारभार करत होता.

फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. देवळाच्या उत्सवात संगीत नाटक हवंच, ही गोव्यातली जुनी खोड. गावातलेच लोक, तालमी चवथीनंतर सुरू, बायका बऱ्याचदा बाहेरून बोलावलेल्या, नाटक दहाला म्हणून साडेदहाला सुरू होणार आणि अडीच-तीनपर्यंत चालणार. मंडळाकडे सहा कॉर्डलेस माईक आहेत. कमरेला खोचायचं डबडं, त्यातून गळपट्टीपर्यंत गेलेली वायर. प्रत्येक डबड्यात दोन पेन्सिल सेल. म्हणजे साऱ्या नाटकाचा आवाज बारा सेलांवर. माझं फोंड्यात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंनी (आमचे दिग्दर्शक, सगळ्या गावाचे भाई) डबडी पिशवीत घालून माझ्या टेबलावर ओतली. "नवीन सेट घ्यायचा तर घेऊ," म्हणाले, "पण कशामुळे झालं ते आधी सांग."

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण त्यात चूक एक नव्हती, तीन होत्या. आणि तिन्हीत सेल "वाईट" नव्हते.

पहिली चूक पावसाळ्यातली. माईक सांभाळणारा मुलगा शिमग्यानंतर बोटीवर नोकरीला गेला. जाताना त्याने सगळी डबडी पत्र्याच्या ट्रंकेत घालून ट्रंक माळ्यावर ठेवली, सेल आतच. ती उघडली थेट आश्विनात. सहातल्या तीन डबड्यांत पांढरी बुरशी दिसावी तसा थर होता, एकात तांबूस चिकट पाणी आणि गंजून तुटलेली स्प्रिंग, दोन स्वच्छ. तालमीच्या पोरांनी फडक्याने पुसून काम भागवलं. माझ्याकडे आली तेव्हा सांदीकोपऱ्यात मूळ घाण शिल्लक होतीच.

मी कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस लावून पांढऱ्या थरावर टेकवला. बारीक बुडबुडे उठले, सोडा फसफसतो तसे. तांबूस डागावर काहीच झालं नाही. एवढ्याने निम्मी उलगड झाली. पांढरं ते अल्कलाइन सेलांचं, तांबूस ते साध्या कार्बन सेलाचं. दोघांचे आजार वेगळे, औषधंही वेगळी.

अल्कलाइन सेलात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दाट द्रावण असतं, दाहक अल्क. ते बाहेर आलं की हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन त्याचं पोटॅशियम कार्बोनेट बनतं. पांढरी पूड ती हीच, आणि आम्लाचा थेंब पडला की ती फसफसते. कोरड्या हवेच्या मुलखात ही पूड कोरडी राहत असेल, झटकली की गेली. आमच्याकडे आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथे पोटॅशियम कार्बोनेटची काय कथा. ते हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि ओला अल्क स्प्रिंगेवरून चढत सर्किटाच्या तांब्यापर्यंत जातो. तीन डबड्यांतल्या एकाची तांब्याची रेघ अशीच हिरवी होऊन तुटली होती. ते डबडं गेलं. बाकी दोन लिंबाने, मग स्पिरिटने पुसून वाचवली. माझ्या दुकानातला पोरगा म्हणाला, कोकमाचा आगळ लावू का, तोही आंबटच. आगळात मीठ असतं, बाबा. आग विझवायला तेल नेण्यातला प्रकार. शेवटी शेजारणीकडचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणलं, तेही चाललं. तांबूस डागाच्या डबड्याला मात्र उलटा उपचार, खायच्या सोड्याचं पाणी, कारण कार्बन सेलाचं पाणी आम्लाकडे झुकणारं. त्याची स्प्रिंग बदलावी लागली.

पण अल्कलाइन सेल फुटतातच का? ते तर महागाचे, "लीक होत नाहीत" म्हणून घेतलेले.

त्यासाठी सेल आतून कसा आहे ते बघावं लागतं. लुईस अरी नावाचा कॅनडाचा रसायनतज्ज्ञ १९५५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या पार्माच्या प्रयोगशाळेत आला. काम दिलं होतं जुना कार्बन सेल जास्त टिकाऊ करण्याचं. त्याने तो नाद सोडला आणि अल्कात चालणारा सेल धरला. अल्कलाइन सेलाची कल्पना नवी नव्हती, पण जस्ताचा सपाट पत्रा वापरला की सेल दमदार होत नसे. अरीने जस्ताची पूड केली. तेवढ्याच जस्ताला कित्येक पट पृष्ठभाग मिळाला, आणि गाडी पळाली. अक्षरशः पळाली: वरिष्ठांना पटवायला त्याने दोन खेळण्यातल्या गाड्या कँटीनच्या फरशीवर सोडल्या, एकीत जुना सेल, एकीत त्याचा. जुनी लगेच दमली, दुसरी बघणाऱ्यांना कंटाळा येईपर्यंत फेऱ्या मारत राहिली. १९५९ मध्ये हे सेल बाजारात आले.

रचनाही त्याने आतबाहेर उलटी केली. मधोमध जस्ताच्या पुडीचा लगदा, त्यात खोचलेला पितळेचा खिळा, भोवती विभाजक कागद, त्याबाहेर मँगनीज डायॉक्साइडचं कडं (मँगनीज म्हटलं की आम्हाला सांगे-केप्याकडच्या खाणी आठवतात), आणि सगळ्यावर पोलादी डबी. जस्त मधे, डबी नुसती डबी, ती खर्ची पडत नाही.

खोट आहे ती जस्ताच्या स्वभावात. अल्कात पडलेलं जस्त, सेल वापरा न वापरा, थोडं थोडं पाण्याशी झटत राहतं आणि हायड्रोजन सुटतो. बंद डबीत दाब वाढतो. तळाच्या नायलॉनच्या बुचात मुद्दाम एक पातळ जागा ठेवलेली असते. दाब हाताबाहेर गेला तर डबी स्फोटाने फुटण्याऐवजी तिथे फाटावं आणि वायू बाहेर जावा. वायू जातो, बरोबर अल्कही येतो. म्हणजे ज्याला आपण "सेल फुटला" म्हणतो ती खरं तर सुरक्षेची झडप उघडलेली असते.

"पूर्वीचे सेल असे फुटत नव्हते," भाई म्हणाले. भाईंच्या तक्रारीत तथ्य आहे. पूर्वी या जस्तात पारा मिसळत. पाऱ्याने जस्ताचा हा चाळा दबून राही. पण तोच पारा सेल फेकला की मातीत, तळ्यात, माशात. तेव्हा १९९० च्या दशकात कंपन्यांनी तो काढला, अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा केला, युरोपने मर्यादा घातली. पाऱ्याच्या जागी अतिशुद्ध जस्त आणि त्यात इंडियम, बिस्मथ यांचा चिमूटभर मिसळ आला. काम चांगलं झालं, पण चूक पोटात घालण्याची पाऱ्याची सवय या जोडीला नाही.

आणि आमच्याकडे चूक होतीच. डबड्याचं बटण बंद म्हणजे सेल पूर्ण सुटे झाले असं नव्हे. ते इलेक्ट्रॉनिक बटण आहे, आत सूक्ष्म प्रवाह चालूच राहतो. त्यात दोन सेलांतला एक नवा, एक अर्धा वापरलेला. अर्धा आधी रिकामा होतो, आणि नवा त्याला उलट दिशेने ढकलत राहतो. मेलेल्या बैलाला जोडीचा बैल ओढत नेतो तसं. अशा ढकललेल्या सेलात हायड्रोजन भराभर सुटतो. तिन्ही पांढऱ्या डबड्यांत मला जोडी विजोड सापडली: वेगळी कंपनी, वेगळी तारीख.

दुसरी चूक नाटकाच्या दिवसाची. सेल आणायचे राहिले हे संध्याकाळी सातला कळलं. एकाला पिटाळलं, त्याने देवळाबाहेरच्या गाड्यावरून डझनभर आणले. बाहेरून पेन्सिल सेल तेच, मापाने तेच, दीड व्होल्ट लिहिलेलं तेच. होते कार्बन सेल, दहा-पंधरा रुपयांचे. साडेआठला आवाज तपासायला सगळे माईक चालू केले आणि कोणी बंद केलेच नाहीत. पावणेबारा म्हणजे सव्वातीन तास.

तिसरी चूक सगळ्यात शहाणी. दुसऱ्या अंकानंतर मांडवाच्या वायरमनने मल्टिमीटर लावला आणि निकाल दिला, "एक पूर्णांक अडतीस. सेल बरे आहेत, माईकच गेला." त्याच निकालावर मंडळ नवा सेट घ्यायला निघालं होतं.

मी तेच सेल दुकानात तपासले. नुसता मीटर लावला तर १.३८, बरोबर. मग सेलाच्या दोन टोकांना दहा ओहमचा रेझिस्टर जोडला. काटा घसरला: १.१, एक, आणि पाचव्या सेकंदाला ०.८५. रेझिस्टर काढला, की हळूहळू पुन्हा १.३ च्या वर. टाकीत पाणी आहे, पण पाइपात गाळ बसलाय. नळ बंद असताना दाब बरोबर दिसतो, नळ सोडला की करंगळीएवढी धार. माईक चालताना मी मोजला तर १६० मिलिअँपिअर घेत होता, दहा ओहमवर साधारण तेवढाच भार पडतो. वायरमनचं माप खोटं नव्हतं, त्याने नळ न सोडता धार मोजली होती एवढंच.

कार्बन सेल ही मोठी जुनी चीज आहे. फ्रान्सच्या लेक्लांशेने १८६६ मध्ये काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी घालून जस्त आणि मँगनीजचा सेल केला. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच नवसागर. बरणी कलंडली की पाणी सांडे. माइन्ट्स शहरातल्या गासनर नावाच्या डॉक्टरने त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून घट्ट लगदा केला आणि जस्ताचंच भांडं बनवलं. १८८६ चं पेटंट. आपला "ड्राय" सेल तो हा. पुढे प्लास्टर गेलं, पिठाची खळ आली, मग खळीऐवजी लेप दिलेला कागद, नवसागराऐवजी झिंक क्लोराइड. मूळ घडण तीच राहिली. आणि त्या घडणीतच त्याचं मरण आहे: इथे भांडं हेच जळण. वापराबरोबर जस्ताची डबी आतून खाल्ली जाते, भोक पडतं, पाणी बाहेर. बाहेरचं पोलादी कवच ते थोडा वेळ अडवतं.

आमच्या लहानपणी संपलेले सेल फोडून आतली काळी पूड शाळेचा फळा रंगवायला वापरत, आणि मधली कार्बनची कांडी म्हणजे रस्त्यावर लिहायचा खडू. आता सांगवत नाही, पण हात आठवडाभर काळे असत.

हा सेल भिंतीवरच्या घड्याळाला उत्तम. घड्याळ इतकं कमी खातं की तो वर्षभर आरामात चालतो. पण १६० मिलिअँपिअर सलग ओढले की त्याचा दम जातो. विश्रांती दिली की पुन्हा थोडा उठतो, म्हणूनच मध्यंतरात बंद करून चालू केलेला एक माईक दहा मिनिटं बोलला आणि सगळ्यांचा गोंधळ वाढला.

याच सुमारास तालमीच्या पोरांनी एक "शोध" आणला: सेल फरशीवर उभा सोडायचा, उसळला तर संपलेला. देवळाच्या सभामंडपात दोन दिवस टकटक चालली होती. अल्कलाइन सेलापुरतं यात काही खरं आहे. वापरात जस्ताच्या मऊ लगद्याचं झिंक ऑक्साइड बनतं, कण एकमेकांना जुळून कडक जाळी होते, आणि सेल उसळू लागतो. पण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की साधारण अर्धा वापरला की उसळी पूर्ण वाढलेली असते, पुढे ती काही सांगत नाही. उसळला म्हणजे नवा नाही, इतकंच. पोरांनी यावर विश्वास ठेवला असता तर निम्मे चांगले सेल कचऱ्यात गेले असते.

मग बैठक. खजिनदारकाकांचा प्रश्न सरळ होता: सगळ्यात जास्त चालणारा सेल कुठला, तो आण. मी म्हटलं, काका, रंगमंचावर किती चालतो त्याआधी जातो कसा ते बघू. कार्बन आधी दमतो, मग धापा टाकतो. अल्कलाइन दीड व्होल्टपासून उतार उतरत जातो, त्यामुळे डबड्यावरच्या, सेल किती उरला ते दाखवणाऱ्या रेघा खरं सांगतात. लिथियमचे जे यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे पेन्सिल सेल मिळतात, त्यांत आत छोटं सर्किट असतं. ते शेवटच्या क्षणापर्यंत दीड व्होल्ट देतं आणि दिवा विझावा तसं बंद पडतं. माईक पूर्ण रेघा दाखवत असतानाच मुका होणार. शिवाय ते सर्किट सतत उघडझाप करत असतं, मी लावून पाहिले त्या जोडीने आमच्या एका माईकात बारीक सिटी घातली. टॉर्चला छान असतील, नायिकेला नकोत.

राहिले निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल. यांच्यावर काकांचा जुना राग, आणि तो रास्त. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले चार सेल चार्ज करून ठेवले की महिन्याभरात वापरल्याशिवाय उतरत. १९९० च्या आसपास आलेल्या या सेलांची ती खरीच खोड होती. नोव्हेंबर २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हा हायड्रोजन साठवणाऱ्या मिश्रधातूची घडण बदललेली होती, विभाजकही सुधारलेला. चार्ज केलेला सेल वर्षभरानंतरही बराचसा भरलेला राहू लागला. आता असे सेल बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. घेताना "प्री-चार्ज्ड" किंवा "रेडी टू यूज" लिहिलेलं बघायचं आणि क्षमता २००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची घ्यायची. २८००, ३००० असे मोठाले आकडे छापलेले सेल सहसा लवकर उतरणारे, किंवा आकडाच फुगवलेला.

हिशेब असा: तपासणी धरून साडेपाच तास, १६० मिलिअँपिअरने ८८०. दोन हजारांतले निम्मेही नाहीत. तोटा एकच. हे सेल १.२ व्होल्टचे, आणि डबड्यातला मीटर अल्कलाइनसाठी आखलेला. भरलेला सेल घातला तरी एक रेघ कमीच दिसते, आणि पुढे तीच रेघ तासन्‌तास हलत नाही. आदल्या वर्षीच्या धास्तीने पोरं भर प्रवेशात सेल बदलायला धावणार हे मला दिसत होतं. म्हणून प्रत्येक डबड्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं: "एक रेघ कमी असणारच. हात लावू नये."

चार्जरवर मात्र भांडलो. काकांना शंभर-दीडशेचा चालला असता. तो ठरलेले तास मोजून बंद होतो. आमच्याकडे रात्रीत तीनदा लाईट जाते आणि परत आली की तो पहिल्यापासून मोजायला लागतो. भरलेला सेल सकाळपर्यंत भाजत राहतो. चांगला चार्जर प्रत्येक सेलाकडे वेगळं बघतो. निकेलचा सेल भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं, ती खूण पकडून थांबतो. सेल अडीचशेच्या आसपास एक, चार्जर हजाराच्या वर. काकांनी आकडा ऐकून पाणी मागितलं, पण प्रत्येक प्रयोगाला डझन अल्कलाइन, तीस रुपयांनी एक, हे कागदावर मांडल्यावर सही केली.

पुढच्या कार्तिकात नाटक साडेदहाला उभं राहिलं. अडीच वाजता पडदा पडल्यावर मी सेल चार्जरवर लावून उरलेला चार्ज मोजला. बहुतेकांत हजाराच्या आसपास शिल्लक. एक माईक तरीही तिसऱ्या अंकात खरखरला. सेल ठणठणीत, घामाने गळपट्टीजवळची वायर कुजलेली. भाई मला म्हणाले, "आता वायरीवर भाषण देऊ नकोस."

जुने फुटके सेल माझ्या दुकानात एका बरणीत आहेत. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या सगळ्या प्रकारच्या सेलांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या गल्लीपर्यंत ती जबाबदारी पोचेतो बरणी भरत चालली आहे. लिथियमचे बटण सेल टोकांना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवतो.

यंदा शिमग्यानंतर सेल काढायचं काम मी स्वतः केलं. बारा सेल मोजून डबीत घातले, ट्रंक माळ्यावर. चवथीनंतर उघडली तर शेजारच्या गावाकडून मागून आणलेलं सातवं डबडं परत द्यायचं राहून तळाशी तसंच पडलेलं, आत आमचीच दोन जादा रिचार्जेबल. पाच महिने, सगळा पावसाळा. छातीत धस्स झालं. झाकण उघडलं. कोरडं. स्प्रिंग चकचकीत, मीटरवर १.२१ आणि १.२२. सेल काढून खिशात घातले आणि कोणाला काही बोललो नाही. कळलं असतं तर पुढच्या वर्षी सगळ्याच डबड्यांत ठेवले असते.